परक्या कॅमेऱ्याचा दसरा

आता सगळं निस्तरलंय. कॅमेरा सुखरूप आहे, माझं काम शाबूत आहे आणि बाबा माझ्याशी पुन्हा बोलायला लागलेत (खरं म्हणजे माझ्याबद्दल बोलतात, पण तेही चालेल). म्हणून सांगायला हरकत नाही. या सगळ्याची सुरुवात एका चौकोनापासून झाली. फॉर्मवरचा एवढासा चौकोन. त्यात टिक करायची होती आणि मी केली नाही.

मी सुबोध घाडीगावकर, राहणार मुलुंड पूर्व. सव्वीस वर्षं एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर होतो. मग कंपनीला अचानक माझ्या अनुभवाची कदर वाटली आणि तिने मला पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. बावन्नाव्या वर्षी नवी नोकरी कोण देणार? शेवटी घाटकोपरच्या एका कंपनीने मला फ्रीलान्स काम दिलं. काम सोपं. बिल्डिंगमध्ये जायचं, गळती नेमकी कुठून होते ते शोधायचं, रिपोर्ट द्यायचा. पगार नाही, जितक्या बिल्डिंगी तितके पैसे. त्यासाठी कंपनीने स्वतःचा एक थर्मल कॅमेरा माझ्याकडे दिला. हा कॅमेरा भिंतीवर रोखला की भिंतीच्या पोटातली ओल पडद्यावर निळी दिसते आणि गरम जागा लालपिवळी. किंमत पावणेपाच लाख! आमच्या घरात एवढ्या किमतीची वस्तू याआधी एकच होती, ती म्हणजे घर.

माझा मेहुणा निलेश विमा एजंट आहे. (प्रत्येक मराठी घरात एक तरी असतो. आमच्याकडे तो बायकोच्या बाजूने आला.) तो माझ्या नव्या धंद्यासाठी पॉलिसी घेऊन आला आणि एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "भावोजी, इथे टिक करा. 'दुसऱ्याच्या मालकीची, पण तुमच्या ताब्यातली उपकरणं.' वर्षाला अठराशे रुपये जास्त पडतील."

"कॅमेरा माझा आहे का?"

"नाही."

"मग त्याचा विमा मी का उतरवू? तुझ्या स्कूटरचा विमा मी उतरवतो का?"

"माझी स्कूटर तुमच्या कपाटात झोपत नाही, भावोजी."

"अहो, करा ना टिक," वसुधा आतून म्हणाली. वसुधा म्हणजे माझी बायको. तिचं ऐकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण तसं पाहिलं तर माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी घडल्या नसत्या. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणालो, "निलेश, मी सव्वीस वर्षं साइटवर काढली. माझ्या हातून आजपर्यंत एक वीटसुद्धा पडलेली नाही."

निलेशने चहा संपवला आणि तो गेला. मी अठराशे वाचवले म्हणून खुशीत होतो.

मग आला दसरा.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा जोरात होते. बाबांमुळे. माझे बाबा, दत्ताराम घाडीगावकर, वय एक्क्याऐंशी, मूळचे कणकवलीकडचे. लालबागच्या मिलमध्ये यंत्रांना तेल द्यायच्या कामावर होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण मशीन दिसलं की बाबांचा हात अजून तेलाच्या कुपीकडे जातो. घरातल्या प्रत्येक दरवाजाची बिजागरी, पंखा, शिलाई मशीन, गॅसचं बटण, सगळं त्यांनी वंगण घालून गुळगुळीत केलेलं आहे. आमच्या घरात काहीही कुरकुरत नाही, फक्त मी कुरकुरतो.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी पाट मांडला. त्यावर माझा हातोडा, ओळंबा, टेप, वसुधाची कात्री, सगळं रांगेत लावलं. वसुधाने विचारलं, "अहो, कॅमेरा ठेवायचा ना पूजेला? तुमची रोजीरोटी आहे ती."

ठेवायचा नाही तर काय? पण मी सावध माणूस. म्हटलं, "ठेव. पण लांबून फक्त एक फूल वाहा. हळद-कुंकू नको, पाणी तर अजिबात नको."

एवढं सांगून मी श्रीखंड आणायला गेलो. दसऱ्याला मुलुंडमध्ये श्रीखंडाची रांग म्हणजे काय ते मुलुंडकरांना विचारा. पाऊण तासाने परत आलो तर पाटावर कॅमेरा नवऱ्यामुलासारखा सजून बसला होता. गळ्यात झेंडूची माळ, डोक्यावर अक्षता, आणि कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं? बाबांनी विचार करून भिंग हेच कपाळ ठरवलं होतं.

"वसू! मी काय सांगून गेलो होतो?"

"मी पुऱ्या तळत होते! मी एक फूल वाहिलं आणि आत गेले."

बाबा शांतपणे हात पुसत होते. त्यांच्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती. 

"बाबा, तेल कुठे घातलंत?"

"मशीनाक," बाबा म्हणाले. "झिला, किती सुकलेलां तां! बिजागरेत घातलंय, चाकात घातलंय. आणि ती काच धुळीन भरलेली, ती पण तेलान पुसून काढलंय. दसऱ्याक तेल नाय दिलां तर मशीन वर्षभर कुरकुरता."

मी कॅमेरा सुरू केला आणि भिंतीवर रोखला. पडद्यावर नुसतं हिरवट-पिवळं पिठलं. वसुधावर रोखला. तेच पिठलं. बायको कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, काही कळेना.

"दिसतंय का काही?" वसुधाने विचारलं.

"तू आणि भिंत एकच दिसताय."

"त्याला कॅमेरा कशाला लागतो? तुम्हाला तर तसं नेहमीच दिसतं."

मला हसू आलं नाही. मी बाबांवर ओरडलो. खरंच ओरडलो, शेजारी ऐकू जाईल इतकं. "कोणी सांगितलं होतं तेल घालायला? ही काय तुमची मिल आहे? पावणेपाच लाखांची वस्तू आहे ती, आणि आपली नाहीये!" बाबांनी कुपीचं झाकण लावलं आणि गॅलरीत जाऊन बसले.

मी कंपनीबरोबरचा करार काढला. बावीस पानी, इंग्रजीत, बारीक अक्षरात. चौदावं कलम वाचलं आणि खुर्चीत बसलो. त्यात लिहिलं होतं, उपकरण ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. भरपाई आणि करार रद्द करणं, दोन्हीचा हक्क कंपनीला. म्हणजे पैसेही जाणार आणि कामही जाणार. माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. त्यापुढे वाचायची माझी हिंमत झाली नाही, मी कागद मिटले. (मृत्युपत्रात आपलं नाव नाही हे कळल्यावर पुढची पानं कोण वाचतं?)

मग निलेशला फोन.

"निलेश, तो चौकोन आठवतो का तुला?"

"कुठला चौकोन, भावोजी?"

"तोच रे. आता टिक केली तर चालेल का?"

"का? काय झालं?"

"काही नाही, सहज."

"भावोजी, माणूस गेल्यावर त्याचा आयुर्विमा निघतो का?"

मी त्याला सगळं सांगितलं. निलेशने सगळं ऐकून घेतलं. मग एजंटच्या आवाजात म्हणाला, "समजा टिक असती, तरी फॉर्मवर नुकसानीचं कारण काय लिहिणार होतात? आग नाही, चोरी नाही, अपघात नाही. मुद्दाम केलंय."

"मुद्दाम नाही रे, भक्तीने केलंय!"

"भक्तीचा रकाना नाहीये, भावोजी."

"चोरीला गेला म्हणून सांगितलं तर?" मी आवाज बारीक करून विचारलं.

हे वसुधाने ऐकलं. "खबरदार!" ती म्हणाली. "पोलीस घरी येतील आणि बाबा त्यांना तेल लावून चकचकीत कॅमेरा काढून दाखवतील."

तेही खरंच होतं. मग मी ठरवलं की कॅमेरा आपणच दुरुस्त करायचा. शनिवारी मालाडला एका सोसायटीची तपासणी होती आणि त्या दिवशी आमच्या कंपनीच्या रुचिरा मॅडम स्वतः येणार होत्या. रुचिरा मॅडम म्हणजे वय वर्षं एकोणतीस, मला काका म्हणतात, पण कामात एकदम कडक. आज गुरुवार. हातात दोन दिवस.

भिंग आधी कोरड्या फडक्याने पुसलं. तेल आणि कुंकू मिळून छान केशरी लेप तयार झाला. मग मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक माणूस सांगत होता की यंत्रात काही ओलं गेलं तर ते तांदळात ठेवा, तांदूळ सगळं शोषून घेतो. तो पाण्याबद्दल बोलत होता, पण मी म्हटलं, तेल काय आणि पाणी काय, दोन्ही पातळच. कॅमेरा सरळ तांदळाच्या डब्यात गाडला, अगदी गळ्यापर्यंत.

"आणि भात कशाचा करू?" वसुधाने विचारलं.

"दोन दिवस पोळ्या कर."

शनिवारी सकाळी कॅमेरा बाहेर काढला. सुरूच होईना! का, तर मी तो चालू ठेवूनच गाडला होता. बॅटरी तांदळातच संपली. ठीक आहे, चार्जिंगला लावू म्हटलं, तर वायर आत जाईना. टॉर्च मारून पाहिलं. चार्जिंगच्या भोकात एक तांदळाचा दाणा ऐटीत बसला होता. मी टाचणी घेतली. हळूच आत घातली, जरा वर, जरा डावीकडे, आणि आतून आवाज आला, 'टक'.

तो टक ऐकून मी टाचणी खाली ठेवली. आता खरंच वाट लागली होती. मी पुन्हा निलेशला फोन लावला आणि "पावणेपाच लाख रे, पावणेपाच लाख," एवढंच म्हणत बसलो.

फोन ठेवला तर समोर बाबा उभे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात एक जुनी पिशवी. पिशवीतून त्यांनी बँकेची ठेवपावती काढून माझ्यापुढे ठेवली.

"ह्यां मोडूया," बाबा म्हणाले. "माझ्या दुखण्याखुपण्याक ठेवलेलां. माका काय आता मोठी दुखणी येवची नाय."

"बाबा, ठेवा ती आत."

"मी तेका बरां व्हया म्हणान तेल घातलंय, झिला. तुझां काम टिकूक व्हया म्हणान."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. ज्या माणसाच्या तेलाने चाळीस वर्षं आमचं घर चाललं, त्याच्यावर मी कुपीभर तेलासाठी ओरडलो होतो. दसऱ्यापासून बाबांनी श्रीखंडाला हात लावला नव्हता आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी पावती घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली आणि म्हणालो, "चला, ऑफिसला जाऊ. जे असेल ते सांगून टाकू."

"मी येतलंय," बाबा म्हणाले. म्हणजे मी 'चला' म्हणालो नसतो तरी ते येणारच होते.

मी रुचिरा मॅडमना फोन करून मालाडऐवजी ऑफिसात भेटायची विनंती केली आणि आम्ही रिक्षाने घाटकोपरला गेलो. बाबांनी वाटभर कॅमेरा मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरला होता. मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. "मॅडम, एक किरकोळ तांत्रिक अडचण उद्भवली आहे," अशी सुरुवात, मग हळूहळू मुद्द्यावर.

केबिनमध्ये शिरलो. मी घसा खाकरला. "मॅडम, एक किरकोळ तांत्रिक..."

"बाय माझे," बाबा मध्येच म्हणाले, "गुन्हो माझो आसा. मी मशीनाक तेल घातलंय. ह्याका कामावरसून काढू नको. घर ह्याच्यावर चलता."

रुचिरा मॅडम उभ्याच राहिल्या. आधी त्यांनी बाबांना बसवलं, पाणी दिलं, मग माझ्याकडून सगळं ऐकलं. फूल, टिळा, तेल. तांदळाचं मी जरा भराभर सांगितलं आणि टाचणीचं सांगायचं राहून गेलं. त्यांनी प्रीतमला बोलावलं. प्रीतम म्हणजे कंपनीची सगळी उपकरणं दुरुस्त करणारा माणूस, कानाला पेन्सिल, तोंडात सदैव बडीशेप.

प्रीतमने कॅमेऱ्याला दुसऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी लावली. एका बाटलीतले दोन थेंब मऊ कापडावर घेऊन भिंग पुसलं आणि कॅमेरा आमच्यावर रोखला. पडद्यावर बाबा लख्ख दिसले, लालपिवळे, कानाच्या पाळ्यांसकट.

"लेन्सला काही झालेलं नाही," प्रीतम म्हणाला. "बोटाचे तेलकट डाग रोज पुसतो मी, हे जरा जास्त होतं एवढंच. आजोबा, तेल आणखी कुठे घातलंत?"

बाबांनी बिजागरी दाखवली, फोकसचं चाक दाखवलं. प्रीतमने चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. "मॅडम, हे बघा. आपल्या बाकीच्या पाचही कॅमेऱ्यांची चाकं अडकतात. हे कसं फिरतंय बघा! नेमका एकेक थेंब घातलाय, आत उतरलेला नाही. हात बसलेला आहे आजोबांचा."

बाबा खुर्चीत चार बोटं उंच झाले.

माझा जीव भांड्यात पडला. अगदी पडला, पण लगेच प्रीतमने भिंगाचा चष्मा लावून चार्जिंगच्या भोकात पाहिलं.

"पण हे काय आहे? इथे आतल्या दोन पिना वाकल्यात. आणि हा तांदूळ. कोणीतरी टोकदार काहीतरी घालून कोरलंय."

बाबा माझ्याकडे पाहत होते. मी छताकडे पाहत होतो. (कोपऱ्यात गळती होती. सवय.)

"काका?" रुचिरा मॅडम म्हणाल्या.

"टाचणी," मी म्हणालो.

"काका, तुम्ही करार वाचलात ना?"

"चौदाव्या कलमापर्यंत."

"पंधरावं?"

मी पुन्हा छताकडे पाहिलं.

"पंधराव्यात लिहिलंय की कॅमेरा तुमच्या ताब्यात असताना अपघाताने किंवा अजाणतेपणी नुकसान झालं तर कंपनीचा विमा आहे. तुमच्यासकट सगळे फ्रीलान्सर त्यात येतात. अटी दोनच. बहात्तर तासांत आम्हाला कळवायचं, आणि स्वतः दुरुस्ती करायची नाही."

म्हणजे पहा. बाबांनी काही बिघडवलं असतं तर विमा होता. बाबांनी काही बिघडवलंच नव्हतं. जे बिघडवलं ते मी, आणि ज्याला विमा नाही नेमकं तेच.

"मग... पिनांचे किती होतील?" मी विचारलं.

"बावीसशे," प्रीतम म्हणाला.

"बावीसशे काय? डॉलर?"

"रुपये हो!"

मी आधी हसलो, मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मग दोन्ही एकदम झालं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बावीसशे! देवा, बावीसशेच! मी तिथल्या तिथे मोबाइलवरून पैसे भरले, मॅडमचं मन बदलायच्या आत. अठराशे वाचवायला गेलो आणि बावीसशे घालवले, हा हिशोब वसुधाने घरी गेल्यावर मला तीनदा समजावून सांगितला. मला तिन्ही वेळा आनंदच झाला. प्रीतमने कॅमेरा संध्याकाळपर्यंत दुरुस्त केला, सोमवारी मी मालाडची गळती शोधून दिली. निलेशला बोलावून तो चौकोन टिक केला, आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे चौकोनही. त्यात एक बाळंतपणाचा निघाला, तो निलेशने खोडला. बाबांनी त्या शनिवारी तीन वाट्या श्रीखंड खाल्लं. मी त्यांची माफी मागितली तेव्हा म्हणाले, "जाऊ दे रे. तुझो हातच तसो, लहानपणापासून."

आता फक्त एक कागद राहिला होता. कंपनीच्या विमावाल्यांना माहिती हवी होती की घरी कॅमेरा कुठे असतो आणि कोणाच्या जबाबदारीवर असतो. रुचिरा मॅडमनी फॉर्म पाठवला आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'जबाबदार व्यक्ती म्हणून आजोबांचं नाव घाला.' मी फॉर्म बाबांपुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावून संध्याकाळभर तो फॉर्म भरला. वसुधा इंग्रजीचं मराठी करून सांगत होती आणि बाबा सुवाच्य मराठीत लिहीत होते. मला जवळ येऊ दिलं नाही.

पाठवण्याआधी मी तो गुपचूप वाचला. ठेवण्याची जागा: लोखंडी कपाट, कुलूपबंद. किल्ली: दत्ताराम घाडीगावकर यांच्या कमरेला. सगळं व्यवस्थित. शेवटी एक प्रश्न होता, 'घरात उपकरणाला कशापासून धोका आहे?' आणि पुढे चौकोन. आग, पाणी, उंदीर, लहान मुलं. बाबांनी यातल्या एकावरही टिक केली नव्हती. सगळ्यात खाली 'इतर, स्पष्ट करा' असं होतं, तिथे ठळक टिक होती आणि पुढे लिहिलं होतं, 'मुलगा. वय त्रेपन्न.'

मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली. विमा कंपनीने एकही शंका विचारली नाही.